फिरत्या त्रिकोणाचं उड्डाण

गळीत हंगाम सुरू झाला की काष्टीच्या चौकातून उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांची रीघ लागते. त्यातले बरेचसे पन्नास-पंचावन्न एचपीचे. असल्या ट्रॅक्टरचं इंजिन उतरवायचं झालं तर फिटर आधी चेन-पुली बांधतो. चौघांनी हात लावला तरी ते जागचं हलत नाही. आता ५५ एचपीचंच दुसरं एक इंजिन डोळ्यांपुढे आणा. वजन साधारण ३० किलो. धडधाकट माणूस ते एकटा उचलून नेईल. त्यात पिस्टन नाही, कनेक्टिंग रॉड नाही, व्हॉल्व नाहीत, कॅमशाफ्ट नाही. आत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो आणि त्याच्या जोरावर विमान उडतं.

या इंजिनाच्या जन्मात आपल्या नगर जिल्ह्याचा हात आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. काष्टीहून मढेवडगाव, कोळगाव करत नगर गाठायला तास-दीड तास लागतो. तिथल्या वाहननगरची वाहन संशोधन आणि विकास संस्था सगळा जिल्हा ‘व्हीआरडीई’ म्हणून ओळखतो. तिचं मूळ आताच्या पाकिस्तानातल्या चकलाल्यात. १९४७ साली ती नगरला आली. लष्कराच्या गाड्या, त्यांची इंजिनं, त्यांच्या चाचण्या हा तिचा पिढीजात धंदा. अशी संस्था विमानाच्या इंजिनाकडे वळली ती ‘निशांत’मुळे. निशांत हे लष्करासाठी बनवलेलं वैमानिकाविना उडणारं टेहळणी विमान. त्याला चाकं नव्हती. ट्रकवर बसवलेल्या रुळावरून त्याला जोराने आकाशात ढकलायचे आणि काम संपलं की ते पॅराशूटने खाली यायचं. सुरुवातीला त्याचं इंजिन बाहेरून आणलेलं होतं. ते देशात बनवायचं ठरलं तेव्हा बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने, म्हणजे ‘नॅल’ने, इंजिनाचा गाभा घेतला, इग्निशन आणि इंधनाची यंत्रणा नगरच्या व्हीआरडीईने केली, आणि उड्डाणाच्या चाचणीची जबाबदारी बंगळुरूच्याच वैमानिकी विकास आस्थापनेने, म्हणजे ‘एडीई’ने, उचलली.

५ एप्रिल २००९, रविवार. कर्नाटकात कोलारजवळ दुसऱ्या महायुद्धातली एक ओस पडलेली धावपट्टी आहे. पहाटे तिथून निशांत उडालं, १.८ किलोमीटर उंचीवर गेलं, पस्तीस मिनिटं स्थिर उडत राहिलं आणि एकूण चाळीस मिनिटांनी एका कोरड्या तळ्यात ठरल्या जागी उतरलं. भारतात बनलेल्या वँकेल इंजिनावर झालेलं हे पहिलं उड्डाण.

वँकेल हे जर्मन माणसाचं नाव. फेलिक्स वँकेल यांनी एनएसयू या कंपनीसाठी आखलेलं पहिलं फिरतं इंजिन फेब्रुवारी १९५७ मध्ये सुरू झालं. त्यात आतला त्रिकोणही फिरायचा आणि बाहेरचं घरही. प्लग बदलायचा तर सगळं उकलावं लागे. त्याच कंपनीतल्या हान्स डिटर पाश्के यांनी बाहेरचं घर स्थिर केलं आणि आज आपण जे रोटरी इंजिन म्हणतो ते तयार झालं.

ते चालतं कसं, हे शब्दांत सांगण्यापेक्षा कागदावर काढून बघावं. जाड पुठ्ठ्याच्या दोन चकत्या कापा, एक १४ सेंटिमीटर व्यासाची, दुसरी तिच्या निम्मी, ७ सेंटिमीटरची. लहान चकतीच्या मध्यापासून दीड सेंटिमीटरवर पेन्सिलीच्या टोकापुरतं भोक पाडा. मोठी चकती ए-फोर कागदाच्या मधोमध चिकटवा आणि भोकात पेन्सिल धरून लहान चकती तिच्या कडेने, घसरू न देता, गोल फिरवा. कागदावर कमरेत किंचित आवळलेला लंबगोल उमटेल, साधारण २४ सेंटिमीटर लांब आणि कमरेत १८ सेंटिमीटर रुंद. माझदा कंपनीच्या ‘१३बी’ इंजिनाच्या पोटातली पोकळी जवळजवळ याच आकाराची आणि याच मापाची आहे. जगभर ज्यांनी घरच्या घरी विमान बांधून त्यात मोटारीचं रोटरी इंजिन बसवलं, त्यातल्या बहुतेकांनी हेच इंजिन वापरलं.

आता १८.२ सेंटिमीटर बाजूचा समभुज त्रिकोण कापा आणि त्या आकृतीत ठेवून फिरवून पाहा. तिन्ही कोपरे एकाच वेळी रेषेला लागलेले राहतात. थोडा फिरवा, पुन्हा तिन्ही लागलेले. कुठेही थांबवा, तेच. मात्र त्यासाठी त्रिकोणाचा मध्य जागेवर राहत नाही, तो स्वतः दीड सेंटिमीटर त्रिज्येच्या लहानशा वर्तुळात फिरतो. खेळणारा भोवरा जसा स्वतःभोवती गरगरतो आणि शिवाय जमिनीवर एक चक्कर काढत जातो, तशी ही दुहेरी गती आहे. त्रिकोणाची स्वतःभोवती एक फेरी होईपर्यंत त्याचा मध्य तीन फेऱ्या मारतो. त्या मध्यात अडकवलेला, जरा बाजूला सरकवलेल्या गोलाचा शाफ्ट तीन वेळा फिरतो आणि ती फेरी बाहेर पडते. गणितातली एक वक्ररेषा आणि एक साधा त्रिकोण इतके तंतोतंत जुळतात, हे मला आजही थक्क करतं. इंजिनाने इथे भूमितीचाच आधार घेतला आहे.

त्रिकोणाच्या तीन बाजू आणि घराची भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात. त्रिकोण फिरताना प्रत्येक कप्पा लहान-मोठा होत जातो. एका जागी मोठा होताना तो हवा आणि पेट्रोल आत ओढतो, पुढे आवळला जाऊन ते दाबतो, प्लगसमोर येतो तेव्हा ठिणगी पडते, पेटलेला वायू त्रिकोणाला ढकलतो, आणि त्याहून पुढच्या भोकातून धूर बाहेर जातो. तिन्ही कप्प्यांत ही चार कामं एकाच वेळी, एकामागून एक चाललेली असतात. भोकं उघडणं आणि झाकणं हे कामही त्रिकोणच जाता जाता करतो, म्हणून व्हॉल्व लागत नाहीत. शाफ्टच्या दर फेरीला एका रोटरमागे एक स्फोट मिळतो. चार-स्ट्रोक पिस्टनला तो दोन फेऱ्यांनी एकदा मिळतो. १३बीत असे दोन रोटर आहेत, म्हणजे शाफ्ट मिनिटाला ६००० फेऱ्यांनी फिरत असेल तर सेकंदाला २०० स्फोट. तरीही रोटर स्वतः मिनिटाला फक्त २००० वेळा फिरतो. वर जाऊन थांबायचं, खाली येऊन थांबायचं, पुन्हा वर जायचं, अशी पिस्टनची धडपड त्याच्या वाट्याला येत नाही. म्हणून ते इतकं शांतपणे, हादरे न देता फिरतं.

मग सगळ्या गाड्यांना हेच इंजिन का बसलं नाही? सगळी गोम त्या तीन कोपऱ्यांत आहे. प्रत्येक कोपऱ्याच्या खाचेत धातूची एक पट्टी बसवलेली असते. ती भिंतीला सतत घासत कप्प्यांमधला वायू अडवते. नंतरच्या १३बीमध्ये ही पट्टी अवघी २ मिलिमीटर जाडीची आणि ८ सेंटिमीटर लांबीची. ६००० फेऱ्यांच्या वेगात ती भिंतीवरून काही जागी ताशी शंभर किलोमीटरपेक्षाही जोरात सरपटते. मागे ज्वाळा, पुढे थंड हवा, आणि तेलाचा जेमतेम थर. एनएसयूच्या ‘आरओ ८०’ गाडीत या पट्ट्या लवकर झिजल्या, हमीच्या दुरुस्त्यांनी कंपनीचं कंबरडं मोडलं आणि १९६९ मध्ये ती फोक्सवॅगनच्या छत्राखाली गेली.

हिरोशिमाच्या माझदाने मात्र हट्ट सोडला नाही. केनिची यामामोतो यांच्या हाताखालच्या सत्तेचाळीस अभियंत्यांच्या तुकडीला चाचणीच्या इंजिनांच्या आतल्या भिंतीवर लाटांसारखे ओरखडे दिसायचे. त्यांना ते ‘सैतानाची नखं’ म्हणायचे. पट्टी एका ठराविक कंपनात थरथरते आणि त्या थरथरीने भिंत खरवडते, हे त्यांनी शोधून काढलं. पट्टीची घडण बदलून, पुढे कार्बन आणि अॅल्युमिनियमच्या मिश्रणाची पट्टी करून ते ओरखडे थांबवले, आणि मे १९६७ मध्ये ‘कॉस्मो स्पोर्ट’ ही गाडी रस्त्यावर आली. १९९१ मध्ये चार रोटरच्या माझदाने ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली. आपल्याकडे माझदा हे नाव ओळखीचं झालं ते ‘स्वराज माझदा’च्या ट्रक आणि मिनीबसमुळे, आणि त्यांत साधी डिझेल इंजिनं होती. रोटरीची ती सगळी कहाणी आपल्या रस्त्यांना बाजूने वळसा घालून गेली.

रोटरी पेट्रोल जास्त पितं, हा दोष खरा आहे. त्याचा कप्पा लांबट आणि चपटा. भिंतींचा पसारा मोठा असल्याने उष्णता भिंतींत जाते आणि ज्योत टोकांपर्यंत नीट पोचत नाही. शहरात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीला हे महागात पडतं. पण विमानाची गरज निराळी आहे. सपाट रस्त्यावर बऱ्या वेगाने चालणारी मोटार आपल्या ताकदीचा पाचवा हिस्साही वापरत नाही. विमान एकदा उडालं की तासन् तास साठ-सत्तर टक्के ताकदीवर, एकाच फेऱ्यांवर चालतं. रोटरीला नेमकं हेच मानवतं. जळायला व्हॉल्व नाहीत, तुटायला कनेक्टिंग रॉड नाही. आणखी एक गुण मला फार महत्त्वाचा वाटतो. माझदाचा रोटर बिडाचा आहे आणि घर अॅल्युमिनियमचं. इंजिन फाजील तापलं तर अॅल्युमिनियम जास्त फुगतं, म्हणजे फट वाढते. पिस्टन इंजिन तापलं की पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होऊ शकतो. रोटरीत ताकद कमी होते, पण इंजिन बराच काळ फिरत राहतं. जमिनीपासून हजार मीटरवर असलेल्या माणसाला या फरकाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

अमेरिकेतल्या हौशी विमान-बांधणाऱ्यांनी म्हणूनच माझदाच्या भंगारातल्या रोटरी ‘आरएक्स-७’ गाड्यांकडे नजर वळवली. त्यांच्यापुढचा नेहमीचा पर्याय होता लायकॉमिंगसारखं प्रमाणित विमान-इंजिन: हवेने थंड होणारं, सव्वापाच-सहा लिटरचं, काही दशकांपूर्वीच्या आराखड्याचं आणि किमतीने डोळे पांढरे करणारं. त्यासमोर १३०८ सीसीचं १३बी जुन्या बाजारात मिळायचं. शिवाय त्यात प्रत्येक रोटरला कंपनीनेच दोन प्लग दिलेले. विमानात एक ठिणगी गेली तर दुसरी असावी म्हणून दोन प्लग लागतातच. ते इथे आयते हजर.

पण मोटारीचं इंजिन काढलं आणि विमानाला बोल्टने आवळलं, असं होत नाही. पहिली अडचण पंख्याची, म्हणजे प्रोपेलरची. समजा त्याचा व्यास १.८ मीटर आहे. तो थेट शाफ्टवर लावून ६००० फेऱ्यांनी फिरवला तर पात्याचं टोक सेकंदाला ५६५ मीटर वेगाने जाईल. आवाजाचा वेग सुमारे ३४० मीटर. टोकाने तो ओलांडला की पातं हवा मागे ढकलायचं सोडून नुसतीच ती फोडत बसतं. ताकद आवाजात वाया जाते. म्हणून मध्ये फेऱ्या कमी करणारा गिअरबॉक्स लागतो. फ्लोरिडातल्या ट्रेसी क्रुक यांनी ‘आरव्ही-४’ या स्वतः बांधलेल्या दोन आसनी विमानात १३बी बसवलं आणि त्यासाठी फोर्डच्या ऑटोमॅटिक गाडीतला प्लॅनेटरी गिअर वापरला. मधोमध एक गिअर, त्याभोवती फिरणारे लहान गिअर, आणि सगळ्यांना वेढणारं दातेरी कडं. पहिलं प्रमाण २.१७ ला १ होतं. म्हणजे इंजिनाच्या ६००० फेऱ्यांना पंख्याच्या सुमारे २७६५, टोकाचा वेग सेकंदाला २६० मीटर. पुढे त्यांनी २.८५ चं प्रमाण आणलं, तेव्हा पंखा आणखी सावकाश आणि मोठा करता आला. आपला गिअरबॉक्स त्यांनी इतर बांधणाऱ्यांनाही बनवून विकला.

दुसरी अडचण उष्णतेची, आणि माझ्या मते खरी परीक्षा तीच. पिस्टन इंजिनात एकाच सिलिंडरमध्ये आळीपाळीने आग आणि ताजी हवा येते. रोटरीत घराचा प्लगकडचा भाग कायम आगीत आणि आत ओढणारा भाग कायम थंड. एका बाजूला सतत तापणारं आणि दुसऱ्या बाजूला गार असलेलं अॅल्युमिनियम वेडंवाकडं होऊ पाहतं. रोटरच्या आतली उष्णता तेल वाहून नेतं; एकूण उष्णतेतला साधारण तिसरा हिस्सा तेलातून काढावा लागतो. म्हणून पाण्याचा रेडिएटर आणि तेलाचा कूलर दोन्ही मोठे हवेत, आणि विमानाच्या नाकात जागा मात्र बेताची. कित्येकांनी मोटारीच्या एसीतले इव्हॅपोरेटर रेडिएटर म्हणून वापरले, कारण ते जाड, लहान आणि दणकट असतात. हवा नुसती आत घेऊन भागत नाही. ती रेडिएटरच्या आधी पसरून मंदावली पाहिजे आणि नंतर मोकळेपणाने बाहेर पडली पाहिजे. पत्र्याचा तो नळकांड्यासारखा मार्ग घडवण्यात लोकांनी महिने घालवले आहेत. त्यात धूर इतका तप्त, नऊशे अंशांच्या घरात, की चांगल्या स्टीलचे सायलेन्सरही तडकतात. आणि सायलेन्सर नसेल तर आवाज कान फाडतो.

तिसरी गोष्ट तेलाची. कोपऱ्यांतल्या पट्ट्यांना वंगण हवंच. गाडीत त्यासाठी लहानसा पंप असतो. पुष्कळ विमानवाले तो काढून टाकतात आणि जुन्या स्कूटरला घालायचो तसं टू-स्ट्रोक तेल सरळ पेट्रोलमध्ये मिसळतात. पंप बिघडण्याची शक्यताच मग उरत नाही. क्रुक यांनी तर इंधन आणि ठिणगी सांभाळणारा संगणकही दुहेरी केला. एक बंद पडला तर कळ दाबून दुसरा. रोटरी विमानांच्या अडचणी पाहिल्या तर इंजिनाचा गाभा क्वचितच दगा देतो. दगा देतात ते होज पाइप, वायर, पंप आणि रेडिएटर.

याच ठिकाणी नगरचं काम नीट समजतं. फ्लोरिडातल्या गॅरेजमधल्या माणसाकडे गाभा तयार होता आणि बाकी सगळं त्याला जमवायचं होतं. आपल्याकडे भंगारात आरएक्स-७ पडलेल्या नव्हत्या, त्यामुळे गाभ्यापासूनच सुरुवात करावी लागली. नॅलने विशेष अॅल्युमिनियम मिश्रधातूचे ओतीव भाग तयार केले आणि आतल्या भिंतीवर निकेलमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे सूक्ष्म कण बसवलेला लेप चढवला. सिलिकॉन कार्बाइड म्हणजे सहाणीच्या चाकांत वापरतात तो कमालीचा कठीण पदार्थ. ‘सैतानाची नखं’ उमटू नयेत म्हणून भिंतीला असंच चिलखत लागतं. आणि व्हीआरडीईने ठिणगी आणि इंधनाची यंत्रणा केली. गॅरेजवाल्यांना जे स्वतः जमवावं लागलं, त्यातलाच एक भाग नगरच्या वाट्याला आला होता. आयुष्यभर लष्करी ट्रक आणि जीपगाड्यांची इंजिनं हाताळलेल्या संस्थेकडे तो जावा, हे अगदी योग्य होतं.

निशांतचं पुढे बरं झालं नाही. लष्कराकडे आलेली विमानं एकेक करून कोसळली, आणि २०१५ मध्ये लष्कराने त्यांचा नाद सोडला. व्हीआरडीईने त्यानंतर ‘तापस’ या मोठ्या ड्रोनसाठी १८० एचपीच्या इंजिनाचं काम हाती घेतलं. जगात मात्र लहान रोटरीची मागणी टिकून आहे. अमेरिकी लष्कराचं ‘शॅडो’ ड्रोन इंग्लंडमध्ये बनलेल्या एका रोटरच्या इंजिनावर उडत असे. जर्मनीच्या ‘एएसएच २६ ई’ या ग्लायडरच्या पाठीत मिटवून ठेवता येणारा रोटरी-चालित पंखा असतो. तो बाहेर काढून ग्लायडर स्वतःच्या बळावर वर चढतं, आणि मग पंखा मिटवून वाऱ्यावर तरंगतं. खुद्द माझदानेही २०२३ मध्ये ‘एमएक्स-३०’ गाडीत ८३० सीसीचा एकच रोटर परत आणला. चाकं विजेवर फिरतात आणि रोटर फक्त बॅटरी भरायला वीज तयार करतो, म्हणजे विमानातल्यासारखाच सोयीच्या फेऱ्यांवर चालू शकतो.

घरी विमान बांधण्याची हिंमत महाराष्ट्रात नाही असं कुणी म्हणू नये. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभं केलं. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, आणि २०१७ मध्ये त्याची ‘व्हीटी-एनएमडी’ अशी रीतसर नोंद झाली. विमान गच्चीवरून खाली उतरवण्यापेक्षा कागदपत्रांतून बाहेर काढायला त्यांना जास्त वर्षं झगडावं लागलं. आपल्या तालुक्यांत पंपाचं डिझेल इंजिन डोळे मिटून उकलणारे आणि पुन्हा जोडणारे हात काही कमी नाहीत. त्यांना सुटं केलेलं एक रोटरी इंजिन बघायला मिळालं पाहिजे, तेही हातात घेऊन. त्रिकोण घरात बसवायचा, शाफ्ट हाताने फिरवायचा आणि कोपऱ्यातली पट्टी भिंतीवरून कशी सरकते ते बोट लावून पाहायचं. आयटीआयच्या किंवा अभियांत्रिकी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये असं एक कापलेलं इंजिन ठेवणं फार खर्चाचं नाही, आणि ते करायला नगर जिल्ह्याइतका हक्क दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याला असेल असं मला वाटत नाही.